परतीचं कलम

काशिनाथ देवरे, म्हणजे आमचे देवरे आप्पा, महिन्यातून एकदा अस्तित्वात नसलेल्या माणसाला परदेशात रजिस्टर पत्र पाठवत, आणि ते परत येईपर्यंत वाट बघत.

मी गंगापूर रोडच्या पोस्टात काउंटरवर बदलून आले ते पंच्याण्णव साली. दुसऱ्याच आठवड्यात एक उंच, वाकलेले, पांढरा बुशशर्ट घातलेले गृहस्थ खिडकीशी आले आणि त्यांनी पाकीट आत सरकवलं. पत्ता सुवाच्य अक्षरात होता: श्री. नामदेव सखाराम अहिरे, घर नंबर अकरा, मेन रोड, ओस्लो, नॉर्वे. मी वजन केलं, तिकिटं लावली, पावती फाडली आणि सहज म्हटलं, "नातेवाईक आहेत का तिकडे?"

"कोण, नामदेव अहिरे? नाही. असा माणूस ओस्लोत नाही."

"मग?"

"नाही म्हणूनच पाठवतोय," ते म्हणाले. पावती घडी घालून खिशात ठेवली आणि खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले.

मला वाटलं, डोकं फिरलेलं दिसतंय. आमचा जुना पोस्टमन गोसावी बटवड्याला निघाला होता. तो म्हणाला, "मॅडम, ते आपलेच आहेत. छत्तीस वर्षं रेल्वेच्या डाकेच्या डब्यात पत्रं निवडणारे सॉर्टर होते. गेल्या वर्षी रिटायर झाले. ते कराराची तपासणी करतात."

ही तपासणी मला पुढच्या महिन्याभरात आप्पांनी स्वतःच समजावून सांगितली. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांच्या टपालखात्यांची एक संघटना आहे. तिचं ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये. सव्वाशे वर्षांपूर्वी काही देश एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की टपालापुरतं सगळं जग हा एकच मुलूख समजायचा. खात्यात असून मला हे माहीत नव्हतं. परीक्षेपुरतं वाचलं असेन, विसरले असेन.

"बघा मॅडम," आप्पा म्हणाले, "आपण तिकीट लावतो ते आपल्या सरकारचं. नॉर्वेचा पोस्टमन बर्फातून चालत जातो, त्याला आपल्या तिकिटाचं काय कौतुक? पण तो पत्र टाकतो. कारण त्याच्या देशाचं पत्र आपला गोसावी उन्हातून नेऊन टाकतो. दोघांची ओळख नाही, भाषा नाही, देव वेगळे. तरी टाकतात. आणि माणूस सापडला नाही तर पत्र परत. परतीचं वेगळं तिकीट नाही. ही मेहेरबानी नाही, करार आहे."

"मेहेरबानी नाही, करार आहे" हे त्यांचं वाक्य आमच्या पोस्टात सगळ्यांना पाठ होतं. मनीऑर्डर दिल्यावर गोसावीला कुणी चहाचा आग्रह केला की तोही हेच म्हणायचा.

नामदेव अहिरे सहा आठवड्यांनी ओस्लोहून परत आले. पाकिटावर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर फ्रेंचमध्ये छापलेल्या कारणांपुढे चौकोन, आणि एका चौकोनात फुली. टपालाची जागतिक भाषा फ्रेंच. आप्पांना फ्रेंचचे नेमके सात शब्द येत होते आणि ते सातही पत्र न पोचण्याबद्दलचे होते. माणूस अनोळखी, पत्ता अपुरा, गाव सोडून गेला, मुदतीत नेलं नाही, वगैरे. नॉर्वेच्या पोस्टमननं फुलीशेजारी पेन्सिलीनं दोन ओळीही लिहिल्या होत्या. त्या कुणालाच वाचता आल्या नाहीत. आप्पांनी त्या पाच मिनिटं बघितल्या आणि म्हणाले, "सभ्य देश."

त्यांच्याकडे एक लांब वही होती. तिच्यात देश, पत्र टाकल्याची तारीख, परतीची तारीख आणि शेवटी आप्पांचं मत. "सभ्य." "सावकाश पण सभ्य." "शिक्का पुसट." "घाईचं काम." जपानपुढे नुसतं "नमस्कार" लिहिलेलं होतं. पेपरात दोन देशांची बोलणी फिसकटल्याची बातमी आली की बाकावरचे इतर पेन्शनर तावातावानं बोलत, आणि आप्पा वही उघडून दोन्ही देशांचा टपालाचा कारभार बघत. "दोघंही पत्र परत करतात," ते वही मिटून म्हणत. "लढणार नाहीत." त्यांचं भाकीत नेहमी खरं ठरे असं नाही.

मोठ्या जागतिक संघटनांबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. त्या ठराव करतात, आमची संघटना पत्र टाकते, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीवर दोन पंतप्रधान हस्तांदोलन करताना दिसले की ते विचारत, "परतीचं कलम आहे का त्यात?" म्हणजे ठरल्याप्रमाणे झालं नाही तर काय करायचं, हे लिहिलंय का. "ते नसेल तर तो करार नव्हे. तो फोटो."

सिन्नरला त्यांच्या भाचीची सोयरीक ठरत होती, तिथेही त्यांनी भर बैठकीत हाच प्रश्न विचारला. मुलाकडचे उठायलाच निघाले होते. सुमनकाकूंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीनं, "त्यांना चहाची वेळ झाली की असं होतं," असं सांगून वेळ निभावली. हे मला काकूंनीच सांगितलं. काकू बागलाणातल्या, सटाण्याजवळच्या. माझ्याशी बोलताना जपून पुस्तकी मराठी बोलत आणि मध्येच "आहे"च्या जागी एखादं "शे" आलं की ओशाळून हसत. आप्पाही तिकडचेच, पण त्यांच्या तोंडून तो सूर मी कधी ऐकला नव्हता. नोकरीत त्यांनी तो घासून टाकला होता.

एकदा मात्र प्रकरण पेटलं. एका देशाकडून, नाव सांगत नाही, पत्र परत आलं नाही. आप्पांनी मुदतीत चौकशीचा फॉर्म भरला. दर आठवड्याला येऊन विचारत, "काही कळलं?" मी नाही म्हटलं की मान हलवत आणि बाकावर बसत. माझ्या मनात यायचं, पत्र हरवल्यानं हा माणूस इतका उत्सुक का दिसतोय? पुढे आठ महिन्यांनी आमच्या पोस्टमास्तरांच्या नावे त्या देशाच्या टपालखात्याचं जाड कागदावरचं, सोनेरी मुद्रेचं पत्र आलं. पत्र एका कपाटामागे पडलेलं सापडलं, ते सोबत परत करत आहोत, झालेल्या विलंबाबद्दल आमचं प्रशासन मनापासून दिलगीर आहे.

पोस्टमास्तरांना घाम फुटला. त्यांनी आप्पांना आत बोलावलं. "देवरे, तुमच्यामुळे एका सार्वभौम राष्ट्रानं माझी माफी मागितलीय. मी आता काय उत्तर देऊ? माझा अधिकार सटाणा-मालेगावपर्यंतसुद्धा नाही."

"पोच द्या," आप्पा म्हणाले.

मला वाटलं होतं, आज पेढे येणार. पण आप्पांनी ते धुळकटलेलं पाकीट उलटसुलट करून बघितलं, "सापडलं म्हणायचं," एवढंच पुटपुटले, आणि छत्री बाकावरच विसरून घरी गेले. वहीत त्यांनी त्या देशापुढे काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली. आमचं ऑफिस कॉम्प्युटरचं झालं, तिकिटांच्या जागी छापील पट्ट्या आल्या, पेन्शनरांच्या बाकावरची माणसं कमी होत गेली. आप्पांचं पत्र दर महिन्याला निघतच होतं.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि पाकिस्तानशी विमानं, रेल्वे, बस, सगळं बंद झालं. आमच्या पोस्टासमोरच्या ओळीत रशीदभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची थोरली बहीण लग्न होऊन कराचीला गेलेली. तिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय असं तिच्या शेवटच्या पत्रात होतं आणि त्यानंतर काही कळलं नव्हतं. फोन लागत नव्हता. रशीदभाई पाकीट घेऊन खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, कराचीचं घेता का अजून?"

मी पोस्टमास्तरांकडे बघितलं. ते खुर्चीतून उठून आले. "अहो, सगळं बंद आहे. पेपर वाचत नाही का? थांबा महिना-दोन महिने. आत्ता कशाला भानगड."

रशीदभाईंनी पाकीट मागे घेतलं. बाकावरून आप्पा म्हणाले, "परिपत्रक कोणतं?"

"परिपत्रक असं नाही आलेलं, पण परिस्थिती..."

"परिस्थितीचं परिपत्रक नसेल तर रजिस्टर घ्यायला पाहिजे." आप्पा उठून खिडकीशी आले. "विमान बंद आहे, टपाल बंद नाही. थैली लांबच्या वाटेनं जाईल. तिसऱ्या देशातून जाईल, तिथून चौथ्या. पण जाईल. हे दोघं आपसात बोलत नाहीयेत, ठीक आहे. पण दोघांनीही तिसऱ्या ठिकाणी सही करून ठेवलीय. ती अजून पुसलेली नाही."

पोस्टमास्तरांनी हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून दहा मिनिटांनी उत्तर आलं की टपाल थांबवण्याचा आदेश नाही, उशीर होईल असं गिऱ्हाइकाला सांगा आणि घ्या. मी पाकीट घेतलं. रशीदभाईंनी हात जोडले, घड्याळाचे बारीक काटे चिमट्यानं बसवणारे हात. आप्पा त्यांना म्हणाले, "आभार मानू नका. तुमचा हक्क आहे तो."

उत्तर यायला तीन महिने लागले. पाकिटावर तीन देशांचे शिक्के होते. रशीदभाई ते घेऊन सरळ बाकावर आप्पांशेजारी जाऊन बसले. बहिणीचं ऑपरेशन नीट झालं होतं. तिनं उर्दूत लिहिलेलं रशीदभाई वाचून दाखवत होते आणि मध्ये मध्ये मराठीत सांगत होते.

"ती लिहिते, इतके दिवस तुझं काही आलं नाही, तर मी स्वतःला सांगायची की रस्ता बंद आहे. भाऊ बंद झालाय असं कसं समजू. रस्ता बंद आहे असं समजलं की झोप लागते."

आप्पांनी पत्रावरचे शिक्के बघायला हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला. थोड्या वेळानं उठून गेले.

दोन आठवडे ते आले नाहीत. आले ते जेवणाच्या सुट्टीत, खिडकी बंद असताना, मागच्या दारानं. मी डबा उघडून बसले होते. त्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं. ग्रीसमधल्या एका बंदरातल्या जहाज कंपनीच्या एजंटाचा पत्ता होता आणि नाव होतं सुनील काशिनाथ देवरे. सोबत पोचपावतीचं गुलाबी कार्ड जोडलेलं.

"या वेळी घरचंच आडनाव वापरलंत," मी हसून म्हटलं.

"हा माणूस आहे," आप्पा म्हणाले. "मुलगा आहे माझा."

मी डबा बाजूला केला आणि त्यांना स्टूल दिलं. आप्पांना मुलगा आहे हे सात वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. गोसावीला माहीत होतं, पण तो बोलला नव्हता.

आप्पांच्या मनात होतं की सुनीलनं टपालखात्याची परीक्षा द्यावी. अर्जही त्यांनीच भरला होता. परीक्षेच्या दिवशी सकाळी तो मुंबईला गेला आणि जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. जाण्याआधी बसस्टँडवरून त्यानं शेजाऱ्यांकडे फोन केला, तेव्हा आप्पांनी त्याला सांगितलं, माझ्या पत्त्यावर पत्र टाकू नकोस.

"त्यानं तरी टाकलं. वर्षभरानं. ग्रीसहून. ही सटाण्याला माहेरी गेलेली. मी एकटा होतो घरी. पोस्टमननं पाकीट दिलं, मी अक्षर बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि त्यावर लिहिलं, घेण्यास नकार. सही केली, तारीख घातली."

"तारीखसुद्धा घातलीत?"

"तारखेशिवाय शेरा ग्राह्य धरत नाहीत."

बाहेर रिक्षावाले भांडत होते. आप्पा पुढे सांगू लागले. "संध्याकाळपर्यंत राग उतरला होता. पण पत्र थैलीत गेलेलं. मी स्वतः सॉर्टर. मला माहीत होतं, ते कुठे कुठे थांबेल आणि किती दिवसांनी त्याच्या हातात परत पडेल. माझ्या अक्षरासकट."

"म्हणून तुम्ही ही पत्रं..."

"म्हटलं, कुठेतरी गळती असेल. शंभरातलं एखादं हरवत असेल. तसं असेल तर तेही हरवलं असेल आणि त्यानं माझा शेरा वाचलाच नसेल. ग्रीसला तर मी अकरा टाकली." ते थांबले. "अकराच्या अकरा परत आली. काय बोलणार त्यांना."

इतकी वर्षं मी समजत होते की पत्र परत आलं की हा माणूस खूश होतो.

"काकूंना माहीत आहे?"

"गेल्या आठवड्यात सांगितलं. ती इतकी वर्षं समजत होती की पोरगं विसरलं. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, लिहा, पाकीट मी चिकटवते." त्यांनी पाकिटाची कडा अंगठ्यानं दाबली. खळ जरा जास्तच लागली होती, बाहेर आली होती. "पत्ता जुना आहे. पाकिटाच्या मागे होता. एकदा वाचलेला पत्ता माझ्या डोक्यातून जात नाही. तिथे तो असेलच असं नाही."

मी सुट्टी संपायची वाट न बघता ते रजिस्टर केलं.

गुलाबी कार्ड सात आठवड्यांनी आलं. त्यावर ग्रीक अक्षरांत कुणाची तरी सही होती. आप्पांनी खिशातून भिंग काढून ती बघितली. "एजंटाच्या कारकुनाची असणार," ते म्हणाले. "ऑफिसात पोचलंय. पुढचं नाही कळत." त्या महिन्यात त्यांनी तपासणीचं पत्र आणलं नाही. पुढच्याही महिन्यात नाही. नुसते येऊन बाकावर बसत. वही आणत नव्हते. रशीदभाई दुपारी चहाचे दोन कप घेऊन दुकानातून येत आणि दोघं चहा पीत.

पावसाळा सरला. एक दिवस सकाळची थैली फोडली तर वरच एक निळसर रजिस्टर पाकीट, सायप्रसचं तिकीट. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव सु. का. देवरे. मी खुर्चीवरून उठले. आप्पा बाकावर होतेच. मी खिडकीतून पाकीट बाहेर धरलं.

"आप्पा. आलं."

ते आले. चष्मा लावला. आधी पाठची बाजू वाचली, मग पुढची. पुढे मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहिलेलं होतं, सौ. सुमनबाई काशिनाथ देवरे. आप्पांचं नाव होतं ते तेवढंच, मधलं.

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही.

"घ्या ना," मी म्हटलं. "घरचंच आहे. मी सही घेते तुमची."

"माझ्या नावाचं नाही," आप्पा म्हणाले. "ज्याचं आहे त्याच्या हातात पडलं पाहिजे. गोसावीकडे द्या. बटवड्याला किती वाजतील आमच्याकडे?"

"साडेबारा होतील."

"मी जाऊन सांगतो तिला," ते म्हणाले आणि निघाले. रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलंही नाही. रशीदभाई दुकानातून ओरडले, "आप्पा, गाडी," तेव्हा थांबले.

गोसावी एरवी तीनला येतो. त्या दिवशी दोनलाच आला. मी पावती मागायच्या आधीच त्यानं ती माझ्यासमोर ठेवली. काकूंनी पूर्ण नाव लिहून सही केली होती.

"दोघंही फाटकात उभे होते," तो म्हणाला. "काकूंनी लगेच फोडलं. तिथेच उभ्या राहून वाचायला लागल्या. त्यांना वाचायला वेळ लागतो. आप्पा दोन पावलं मागे उभे. काकूंच्या खांद्यावरून बघायचं सोडा, मान दुसरीकडे वळवून उभे होते. मी म्हटलं, निघावं आपण. पण निघवेना."

"मग?"

"मग आप्पांनी विचारलं, 'मन्हाबद्दल काही शे का?' असंच म्हणाले, तिकडच्या बोलीत. मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. काकूंनी पान उलटलं, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, 'इचारेल शे.' विचारलंय, म्हणाल्या."

"आणि आप्पा?"

"आत गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. मी एकटाच होतो मॅडम, पण त्यांनी दोन ग्लास आणले. मी दोन्ही पिऊन आलो."